वहीचं शेवटचं पान

बुधवारचा तिसरा तास संपला आणि गणिताचे सर एक वही घेऊन समुपदेशन कक्षाच्या दारात उभे राहिले. नववीतल्या मुलाची, खाकी कव्हर घातलेली दोनशे पानी वही. सरांनी ती टेबलावर पालथी ठेवली आणि शेवटचं पान उघडलं. पानावर वर्गाचा नकाशा होता. फळा, दार, खिडक्या, बाकांच्या चार रांगा, सगळं पट्टीनं आखलेलं. तिसऱ्या रांगेतल्या दोन बाकांवर लाल पेनानं फुल्या मारलेल्या, इतक्या जोरात की कागद फाटून शाई मागच्या पानावर उतरली होती. फुल्यांशेजारी तीन मुलांची आद्याक्षरं. कोपऱ्यात पुढच्या आठवड्यातली एक तारीख आणि तिच्याखाली दोन शब्द : मग कळेल.

"मुलगा चांगला आहे हो," सर म्हणाले. "कधी कुणाशी भांडण नाही. पण हे बघून मला राहवेना, म्हणून आणली."

ज्यांच्या टेबलावर ही वही आली, त्या बाई उलव्यातल्या एका शाळेत समुपदेशक आहेत. मुलं त्यांना मॅम म्हणतात, आया मॅडम म्हणतात, शाळेतल्या मावशी बाई म्हणतात. आपल्याही लेखात त्या बाईच राहतील, कारण त्यांचं नाव आलं की शाळा ओळखू येते आणि शाळा ओळखू आली की मुलगा. ओळख पटेल असे तपशील बदलूनच त्यांनी ही हकिकत सांगितली. ती त्यांना सांगावीशी वाटते, कारण त्या दिवशी त्यांनी जे केलं ते त्या एका परक्या देशातल्या, परक्या शाळेतल्या चुकीवरून शिकल्या होत्या.

उलवे बाहेरून येणाऱ्याला नवंकोरं दिसतं. सिडकोनं आखलेली सेक्टरं, रुंद रस्ते, पंधरा-वीस मजली इमारती. 2018 च्या नोव्हेंबरात खारकोपरपर्यंत लोकल आली, 2024 च्या जानेवारीत ती उरणपर्यंत गेली आणि त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्‌घाटन झालं. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावं उठली. आज नववी-दहावीत असलेली इथली मुलं सुरुंगांचे आवाज ऐकत वाढली आहेत. आईवडील सातारा, सांगली, जळगाव, कोकण अशा ठिकाणांहून आलेले. कर्ज काढून फ्लॅट घेतलेले. दोघंही नोकरीला, एक बेलापूर-वाशीकडे, दुसरा मुंबईत किंवा बंदराच्या बाजूला. आजीआजोबा गावी. शाळा सुटल्यापासून रात्री आठपर्यंत घरात फक्त मुलगा किंवा मुलगी.

बाई याला तिसऱ्या चावीचं घर म्हणतात. एक चावी आईच्या पर्समध्ये, एक वडिलांच्या खिशात, तिसरी मुलाच्या दप्तरात. नव्या वर्गात गेल्या की त्या सहज विचारतात, "दप्तरात घराची चावी किती जणांच्या?" अर्ध्याहून जास्त हात वर होतात. यात आईवडिलांचा दोष काढावा असं त्यांना वाटत नाही. हप्ता भरायचा तर दोघांनी कमवायलाच हवं. पण दुपारची ती चार-पाच तासांची पोकळी असते, आणि तिच्यात मुलाचं काय चाललंय याचा साक्षीदार कुणी नसतो, हे त्या धरून चालतात.

वही पाहिल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे आली ती अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली ऑक्सफर्ड हायस्कूल.

30 नोव्हेंबर 2021. तिथंही गणिताचाच कागद होता. पंधरा वर्षांच्या मुलानं गणिताच्या कागदावर पिस्तूल काढलं होतं, गोळी लागलेला माणूस काढला होता, आणि डोक्यातले विचार थांबत नाहीत, मदत करा, अशा अर्थाचे शब्द लिहिले होते. आदल्या दिवशी एका शिक्षिकेनं त्याला वर्गात मोबाइलवर काडतुसं शोधताना पाहिलं होतं. शाळेनं आईला तसा निरोपही ठेवला होता. आईनं मुलाला मेसेज केला तो हसण्यावारी नेणारा : मी रागावले नाहीये, पण पकडला जाणार नाहीस एवढं शीक.

30 तारखेला सकाळी शाळेनं आईवडिलांना बोलावून घेतलं. भेट जेमतेम पंधरा मिनिटांची. समुपदेशकानं सांगितलं, मुलाला शक्य तर आजच, नाहीतर दोन दिवसांत तज्ज्ञांना दाखवा. आईवडील म्हणाले, आज जमणार नाही, कामावर परत जायचंय. समुपदेशकापुढे पेच पडला. मुलाला रिकाम्या घरी एकट्याला पाठवायचं की मित्रांमध्ये वर्गात बसू द्यायचं? एकटा राहण्यापेक्षा लोकांत राहिलेला बरा, असं त्याला वाटलं आणि मुलगा वर्गात परत गेला. दप्तर कुणी उघडलं नाही. त्यात पिस्तूल होतं. दोनएक तासांनी त्यानं गोळीबार सुरू केला. चार विद्यार्थी मेले, सात जण जखमी झाले.

ते पिस्तूल वडिलांनी चारच दिवसांपूर्वी विकत घेतलं होतं, नाताळची आगाऊ भेट म्हणून. दुसऱ्या दिवशी आई मुलाला ते चालवायला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेली होती. शाळेतल्या त्या भेटीत चित्र सगळ्यांच्या समोर होतं, पण घरात नुकतंच पिस्तूल आणलंय हे आईवडील एका शब्दानं बोलले नाहीत. 2024 मध्ये ज्यूरींनी आधी आईला आणि मग वडिलांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं. 9 एप्रिल 2024 रोजी दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलानं शाळेत केलेल्या सामूहिक हत्येसाठी आईवडिलांना अशी शिक्षा होण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ.

या खटल्याच्या बातम्या बाईंनी कात्रणं काढावीत तशा वाचल्या होत्या. पालकांच्या शिक्षेपेक्षा त्यांच्या मनात अडकून बसला तो समुपदेशक. "त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं," त्या म्हणतात. "उलव्यात दुपारी बाराला मुलाला घरी पाठवायचं म्हणजे रिकाम्या फ्लॅटमध्येच पाठवायचं. मग मीसुद्धा म्हटलं असतं, जा बाबा, वर्गातच बस." तेव्हाच त्यांनी स्वतःसाठी एक नियम केला. असं मूल समोर आलं तर ते वर्गात परत जाणार नाही आणि एकटं घरीही जाणार नाही. मोठं माणूस येईपर्यंत ते आपल्याजवळ बसेल, मग संध्याकाळचे सात वाजोत.

त्या बुधवारी हा नियम पहिल्यांदा कामाला आला.

त्यांनी मुख्याध्यापकांना तिथल्या तिथे कळवलं, रजिस्टरमध्ये वेळ घालून नोंद केली आणि मावशींना पाठवून मुलाला दप्तरासकट बोलावून घेतलं. मग वडिलांना फोन लावला. वडील नाव्हा-शेवाच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कामाला, शिफ्ट तीनला संपणारी.

"मॅडम, आमचा मुलगा तसा नाही," चित्राचं ऐकून वडील म्हणाले. बाईंनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्याचा त्यांना राग येत नाही. घाबरलेला माणूस पहिल्यांदा हेच बोलतो. "आज जमणार नाही, गाड्या लागल्यात. उद्या येतो ना."

"उद्या नाही चालणार. तुम्ही येईपर्यंत तो माझ्या खोलीत बसलाय. त्याला काही शिक्षा नाही, नाव काढायचा विषय नाही. पण तो एकटा जाणार नाही आणि मीही जाणार नाही."

पलीकडे जरा वेळ नुसते हॉर्नचे आवाज. मग, "बघतो."

आई बेलापूरला एका लॅबमध्ये. ती "निघते" म्हणाली आणि फोन ठेवून रडली असावी, कारण तिनं दोन मिनिटांनी परत फोन करून पुन्हा तेच विचारलं.

मग वाट पाहणं. मुलगा खुर्चीच्या कडेला टेकलेला, दप्तर मांडीवर घट्ट धरलेलं. बाईंनी वहीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दुपारी आपला डबा काढला आणि त्यालाही म्हणाल्या, "तुझाही काढ, जेवून घेऊ." त्यानं मान हलवली. भूक नाही. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडून झाकणावर त्याच्यापुढे सरकवला आणि स्वतः जेवू लागल्या. थोड्या वेळानं त्यानं तो तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग दप्तराचा बंद सोडून आपला डबा काढला. पोळी आणि भेंडीची भाजी, सकाळी आईनं भरली तशीच.

"सुट्टीत नाही खाल्लास?"

"नाही खात."

"कधीपासून?"

उत्तर यायला वेळ लागला. ती तीन मुलं मधल्या सुट्टीत त्याचा डबा घेऊन फिरवत. एकदा भाजीत डस्टर झटकलं, खडूची पूड. त्याचा व्हिडिओ केला. त्याच्या चेहऱ्याचं स्टिकर केलं आणि वर्गाच्या ग्रुपवर कुणी काहीही बोललं की उत्तर म्हणून ते स्टिकर पडू लागलं. तेव्हापासून तो सुट्टीत डबा उघडत नव्हता. घरी जाताना स्टेशनजवळच्या कुत्र्यांना पोळ्या घालायचा आणि डबा रिकामा करून न्यायचा.

संध्याकाळी आई डबा घासायला घ्यायची, तर रोज लख्ख रिकामा. तिला वाटायचं, हल्ली पोरगं नीट जेवतंय.

हा डबा बाई नंतर अनेक पालकसभांत सांगत आल्या आहेत. धोक्याची खूण म्हटलं की आपल्याला आरडाओरडा, तोडफोड, काळे कपडे, बंद खोली असलं काही डोळ्यांपुढे येतं. इथं खूण आली ती चांगल्या बातमीचा वेष घेऊन. आणि ती आईनं ओळखायला हवी होती असंही म्हणता येत नाही, कारण तिच्या हातात डब्याचं फक्त एक टोक होतं. दुसरं टोक वर्गात होतं.

खूण एका माणसाकडे कधीच अख्खी नसते, असं त्या म्हणतात. हा मुलगा हल्ली सुट्टीऐवजी तास चालू असताना बाथरूमला जायचं म्हणतो, हे वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलं होतं. तिला तो चुकारपणा वाटला. त्याच्या एका मित्राला त्यानं इन्स्टाग्रामवर चार जणांनाच दिसेल अशी एक स्टोरी दाखवली होती. मित्र घाबरला, पण बोलला नाही. नववीतल्या मुलांत चुगली करणं सगळ्यांत वाईट. गणिताच्या सरांकडे वही होती. आईकडे डबा होता. आणि वडिलांकडेही एक गोष्ट होती, ती अजून यार्डातच होती.

अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसनं आणि तिथल्या शिक्षण खात्यानं मिळून 2002 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. 1974 ते 2000 या काळातल्या शाळांवरच्या 37 हल्ल्यांचा आणि ते करणाऱ्या 41 जणांचा तो अभ्यास. त्यातल्या दोन गोष्टी बाईंना पाठ आहेत. पाचांपैकी चार घटनांमध्ये हल्ल्याआधी कुणा ना कुणाला त्या बेताची कुणकुण होती, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा बरोबरीचा मुलगा किंवा मुलगी होती. दुसरी गोष्ट, सुमारे दोन तृतीयांश हल्लेखोरांनी बंदूक आपल्याच घरातून किंवा नातेवाइकाच्या घरातून मिळवली होती. तिसरीही एक गोष्ट त्या अहवालात आहे आणि बाई ती शिक्षकांना आवर्जून सांगतात : असं करणाऱ्या मुलाचा काही ठरावीक साचा नसतो. हुशार, ढ, एकलकोंडा, दहा मित्र असलेला, कुणीही.

म्हणूनच त्या शिक्का मारायच्या विरोधात आहेत. दरवर्षी त्यांच्याकडे अशा पाच-सहा वह्या येतात. तलवारी, रक्त, राक्षस, "मर जा" असं लिहिलेलं बाक. बहुतेक चित्रं चित्रंच असतात. मुलगा आदल्या रात्री खेळलेला गेम काढतो, राग कागदावर काढतो आणि मोकळा होतो. चित्राला त्या घाबरत नाहीत. चित्रात नाव आलं, तारीख आली, जागा आली, तर मात्र त्या थांबतात. आणि मग विचारायचा पहिला प्रश्न मुलाला नसतो, घराला असतो : यातलं काही करता येईल असं घरात काय आहे?

आपल्याकडे हा प्रश्न परका वाटतो, कारण आपल्या घराघरांत बंदुका नाहीत. 1959 च्या शस्त्र कायद्यानं एकवीस वर्षांखालच्या कुणालाही बंदूक बाळगता येत नाही. पण ज्या घरात ती आहे, त्या घरात अमेरिकेसारखंच घडलंय. 11 डिसेंबर 2007 रोजी गुरुग्रामच्या युरो इंटरनॅशनल स्कूलमध्ये आठवीतल्या दोन मुलांनी वर्गमित्राला गोळ्या घालून मारलं. तो आपल्याला सतावत होता, असं त्या मुलांचं म्हणणं होतं. पिस्तूल एकाच्या वडिलांचं होतं आणि वडिलांनाही अटक झाली. 20 जानेवारी 2018 रोजी हरियाणातच यमुनानगरला बारावीतल्या मुलानं वडिलांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरनं प्राचार्यांना गोळ्या घातल्या. शाळेत त्या दिवशी पालकसभा होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडच्या काशीपूरला नववीतल्या मुलानं शिक्षकावर गोळी झाडली. कट्टा त्यानं डब्यातून नेला होता. शिक्षकांनी काही दिवसांपूर्वी त्याला थोबाडीत मारली होती. ते शिक्षक वाचले.

महाराष्ट्रात रिव्हॉल्व्हरची जागा कोयत्यानं घेतली आहे. पुण्यात मिसरूड न फुटलेली पोरं कोयता नाचवत रील करू लागली, तेव्हा कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघा, असं दुकानदारांना सांगायची वेळ पोलिसांवर आली. आणि कोयत्याहून सहज हाताशी येणारी दुसरी एक गोष्ट आहे, तिचं नाव ऐकून पालक हसतात. गाडीची चावी.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीनं दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघंही चोवीस वर्षांचे, मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले. मुलगा बारावीच्या निकालानंतर मित्रांबरोबर पबमध्ये गेला होता. गाडीची नोंदणीही पुरी झालेली नव्हती. बाल न्याय मंडळानं काही तासांत जामीन दिला आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा देशभर संताप उसळला. पण बाईंना त्या निबंधापेक्षा पुढचे आठवडे महत्त्वाचे वाटतात. मुलाच्या हाती गाडी दिली म्हणून वडील अटकेत. गुन्हा अंगावर घे म्हणून चालकाला डांबल्याच्या आरोपावरून आजोबा अटकेत. मुलाच्या रक्ताऐवजी आपलं रक्त दिल्याच्या आरोपावरून आई अटकेत, आणि नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनचे डॉक्टर अटकेत. हे आरोप आहेत, निवाडा न्यायालयानं करायचा. मुलाला सज्ञान समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळानं 2025 च्या जुलैमध्ये फेटाळली, आणि मूल म्हणून त्याला मिळणारं संरक्षण योग्यच आहे असं बाईंचं मत आहे. पण तीन पिढ्यांचं एक घर एका रात्रीच्या भोवती असं उभं राहिलं, ते पाहून त्यांना वाटलं, या घरात मुलाला "नाही" म्हणायची पाळी या रात्रीच्या आधी कितीतरी वेळा आली असेल.

उलव्याच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर संध्याकाळी सातनंतर उभं राहावं. क्लासहून परतणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलं स्कूटरवर तिब्बल सीट जाताना दिसतात. एका पालकसभेत बाईंनी विचारलं, "गाडी चालवता येणारी मुलं कुणाकुणाची?" वडिलांनी अभिमानानं हात वर केले. मग त्यांनी मोटार वाहन कायद्याचं 199अ कलम वाचून दाखवलं. 2019 पासून लागू आहे. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करून त्याला इजा पोचू दिली तर 2015 च्या बाल न्याय कायद्याचं 75वं कलम वेगळं. हात हळूहळू खाली आले. मिशिगनमधला बाप पिस्तूल भेट देतो आणि इथला बाप स्कूटरची चावी देतो, तेव्हा दोघांच्याही मनात लाडच असतो. बाईंना पालकांच्या प्रेमाविषयी शंका नाही. वस्तू किती धारदार आहे हे त्या लाडात दिसेनासं होतं, एवढंच त्यांचं सांगणं.

त्या बुधवारी साडेतीनला वडील आले. अंगात यार्डाचं जाकीट, हातात हेल्मेट. पंधरा मिनिटं आधी आई आली होती. बाईंनी वही त्यांच्यापुढे ठेवली. वडिलांनी चित्र पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि त्यांचा हात उठणार असं बाईंना वाटलं. त्या दोघांच्या मधे जाऊन बसल्या.

"आधी दप्तर बघू. तोच उघडेल, आपण फक्त बघायचं."

मुलानं एकेक वस्तू टेबलावर काढली. पुस्तकं, कंपास, डबा, पीटीचे बूट, घराची चावी. बाकी काही नव्हतं. वडिलांनी मोठा श्वास सोडला. "बघा, म्हटलं ना मी."

बाई म्हणाल्या, "घरात अलीकडे काही जागेवरून हललंय का? आठवून सांगा. काहीही."

आईनं नाही म्हटलं. वडील गप्प राहिले. बराच वेळ ते हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत होते. मग त्यांनी सांगितलं. गावाहून आणलेला नारळ फोडायचा कोयता गॅसच्या सिलिंडरमागे असायचा. रविवारी नारळ फोडायला घेतला तर कोयता नाही. शेजाऱ्यांनी नेला असेल असं वाटलं, म्हणून शेवटी नारळ कट्ट्यावर आपटून फोडला.

खोलीत कुणी बोललं नाही. मुलगा टेबलाकडे बघत म्हणाला, "गादीखाली आहे."

यानंतर आई रडली, वडीलही रडले आणि मुलगा मात्र झोपेतून उठल्यासारखा सगळ्यांकडे बघत राहिला. तो काय करणार होता, नुसता दाखवणार होता की आणखी काही, हे बाईंनी त्या दिवशी विचारलं नाही. पुढे महिन्याभरानं त्यानं आपणहून सांगितलं, "मॅम, मलाच माहीत नव्हतं."

त्या संध्याकाळी वडिलांनी कोयता गादीखालून काढून मेहुण्याकडे पनवेलला नेऊन ठेवला. मुलगा आठवडाभर घरी राहिला, पण एकटा नाही. पहिले दोन दिवस आईनं रजा घेतली, तिसऱ्या दिवशी गावाहून आजी आली आणि ते सत्र संपेपर्यंत राहिली. पनवेलच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे दर पंधरवड्याला जाणं सुरू झालं. त्या तीन मुलांच्या पालकांनाही शाळेनं बोलावलं. त्यांचंही पहिलं वाक्य तेच होतं, आमचा मुलगा तसा नाही. त्यांना व्हिडिओ दाखवला. एका आईनं आपल्या मुलाचा फोन तिथंच टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आता सगळं तुम्हीच पुसा आणि मग मला द्या." वर्गाचा ग्रुप बंद झाला. मधल्या सुट्टीत वर्गात एक शिक्षक बसू लागले. या सगळ्याला खर्च काही आला नाही, माणसांचा वेळ तेवढा लागला.

वेळ देणारी माणसं मात्र शाळांत असायला हवीत. 2025 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी निर्देश देताना शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. बाईंच्या मते पालकांनी फी आणि बस यांच्याइतक्याच हक्कानं शाळेला हे विचारावं : तुमचा समुपदेशक कोण, आठवड्यातून किती दिवस असतो, त्याच्या खोलीला दार आहे का? कारण काही शाळांत समुपदेशकाला ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसवतात, आणि चारचौघांत कुणी मूल काही सांगत नाही.

तो मुलगा आता दहावी पास होऊन खारकोपरहून लोकल पकडून कॉलेजला जातो. स्टेशनवर बाई दिसल्या तर थांबतो. त्याच्या त्या मित्रानं, स्टोरी पाहून गप्प राहिलेल्या, नंतर बाईंच्या खोलीत येऊन एकच प्रश्न विचारला होता, "मी सांगितलं असतं तर चुगली झाली असती का?" तेव्हापासून दर जूनमध्ये प्रत्येक वर्गात बाईंचा पहिला तास याच प्रश्नावर असतो. मित्राचा जीव वाचवायला किंवा त्याच्या हातून काही वाईट होऊ नये म्हणून सांगणं ही चुगली नाही, आणि कुणी सांगितलं त्याचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही, हे त्या मुलांना शब्द देऊन सांगतात. फळ्यावर दोन नंबर लिहितात : मुलांसाठी चोवीस तास चालणारी चाइल्डलाइन 1098, आणि मानसिक आरोग्यासाठी सरकारी टेलिमानस 14416. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

आणि पालकसभेच्या शेवटी त्या पालकांना हात जोडून एकच मागणं मागतात. ते इथंही तसंच लिहावं असा त्यांचा आग्रह होता. शाळेतून फोन आला तर "उद्या येतो" म्हणू नका, त्याच दिवशी या. आमचा मुलगा तसा नाही हे जरूर म्हणा, पण खुर्चीवर बसून म्हणा. आणि निघताना घरात कुणाला तरी फोन करून एवढं विचारा, घरातली कुठली वस्तू जागेवर नाही.